ज्यानं कासिमिरो लुना विकला

सान हासिंतोच्या लिब्रादो न्हाव्याला जन्मात काही विकता आलं नाही. वडलांच्या मागे राहिलेलं खेचर विकायला एकदा बाजारात घेऊन गेला, तर संध्याकाळी खेचरासकट परत आला, वर त्याच्यासाठी नवा लगाम घेऊन. असल्या माणसानं म्हणे कासिमिरो लुना विकला, तोही तीस पेसोंना. आता विकला म्हणजे विकला, कारण पोवाड्यात तसं आहे. आमच्या या डोंगराळ चिवावा मुलखात पोवाड्याचं आणि बायबलचं जमलं नाही, तर पाद्रीसुद्धा आधी पोवाडा काय म्हणतो ते विचारून घेतो.

कासिमिरो लुना कोण होता ते पोवाड्याला विचारा, म्हणजे तो सिंह होता, गरिबांचा वाली होता, चाळीस शिपायांना एकटा पुरून उरत होता आणि त्याचा तांबडा घोडा हाक मारली की डोंगरावरून धावत यायचा. माझ्या बापाला विचाराल तर घोडा नव्हताच. एका कानाचं खेचर होतं, आणि तेही जहागिरीतून चोरलेलं. कासिमिरो उधळ्या होता, तोंडाळ होता, दोन ग्लास पोटात गेले की पुतळ्याशीसुद्धा भांडायचा. पण एक गोष्ट त्यानं केली, ती खरी आहे. मक्याच्या कोठारापुढे बाया रांगेत उभ्या असताना जहागिरीच्या मुकादमानं एका म्हातारीच्या हातातलं सूप लाथेनं उडवलं, तेव्हा कासिमिरो पुढे झाला आणि मुकादमाच्या अशी थोबाडीत दिली की त्याची टोपी कोठाराच्या छपरावर गेली. त्याआधी तीस वर्षं अख्खं गाव ती थोबाडीत मनातल्या मनात मारत होतं. त्या दिवशी पुरुषसुद्धा रडले. मग तो डोंगरात पळाला, आणखी चारसहा जण त्याला जाऊन मिळाले, आणि बंडखोर झाला. त्या एका थपडेवर गावानं त्याला बाकीचं सगळं माफ केलं, आणि मी म्हणतो, बरोबर केलं.

पण मेला कसा, ते ऐका.

शुक्रवारी संध्याकाळी तो गावात उतरला आणि गुत्त्यात टेबलावर उभा राहिला. तेवीस माणसं होती. माझा बाप त्यांच्यातच होता. कासिमिरो ओरडला, "उद्या माझ्या पुतण्याचा बाप्तिस्मा आहे. सकाळी दहाला मी लिब्रादोच्या खुर्चीत दाढीला बसणार! सांगा त्या फौजदाराला! आईचं दूध प्याला असेल तर ये म्हणावं!"

आता इतक्या आग्रहाच्या निमंत्रणाचा निरोप कुणाच्या ना कुणाच्या तोंडून फौजदारापर्यंत जाणारच. कुणी बायकोला सांगितलं, कुणी मेव्हण्याला. शनिवारी दहा वाजता कासिमिरो खुर्चीत, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर फेस, पिस्तूल टोपीबरोबर खुंटीला. अकरा शिपाई आले. तो उठला, गळ्यातल्या टॉवेलात पाय अडकून धडपडला आणि दारातच गोळी खाऊन पडला. लिब्रादो त्या वेळी खुर्चीखाली होता. तिथून निघाल्यावर त्यानं काय केलं असेल? त्या मेलेल्या माणसाची उरलेली अर्धी दाढी करून दिली. म्हणाला, बाप्तिस्म्याला निघाला होता बिचारा, देवापुढे असा जाऊ नये. पोवाड्यात हे कुठेही नाही.

पोवाड्यात आहे ते असं:

*खुर्चीत बसला सिंह निर्धास्त, मान दिली मित्राच्या हाती,*
*दारात हलला पांढरा टॉवेल, लिब्रादो, तुझी काळी छाती!*

झालं. मेल्या म्हशीला मणभर दूध, आणि जिवंत न्हाव्याला जन्माचा डाग. एकवीस वर्षं हे चाललं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी गावोगाव, आपल्या गुरूला तीस नाण्यांना विकणाऱ्या ज्युडासचा कागदी पुतळा जाळतात, तसा आमच्याकडेही जाळतात. आमच्या ज्युडासच्या खांद्यावर टॉवेल असतो. पुतळा करणारे लिब्रादोच्याच दुकानात टॉवेल मागायला येतात. पहिल्या वर्षी त्यानं शिव्या दिल्या, दुसऱ्या वर्षी दार लावून बसला, तिसऱ्या वर्षापासून जुना टॉवेल धुऊन, घडी घालून तयार ठेवायला लागला.

"निदान फाटका तरी द्या!" त्याची बायको तोमासा कपाळाला हात लावायची.

"जाळायचाच आहे तर फाटका कशाला," तो म्हणायचा. "लोक काय म्हणतील?"

याला काय म्हणावं, सांगा. आणि धंदा म्हणाल तर बुडाला नाही, उलट वाढला. कुठून कुठून लोक त्या खुर्चीत बसायला यायचे. दाढी करून घेत घेत खुर्चीच्या हाताला हात लावून डोळे पुसायचे आणि जाताना दारात थुंकून जायचे. गावातले तेवीस जणसुद्धा त्याच्याकडेच दाढी करायचे. गिऱ्हाईक मान वर करून म्हणायचं, "मास्तर, टॉवेल हलवू नका बरं का!" आणि दुकान हसायचं. लिब्रादोही हसायचा. वस्तरा हातात असताना हसणारा माणूस किती सहनशील असला पाहिजे, याचा विचार त्या गळ्यांनी कधी केला नाही.

हे सगळं त्यानं सोसलं असतं, मरेपर्यंत सोसलं असतं. पण ओफेलिया एकोणीस वर्षांची झाली.

एकुलती एक पोर. शेजारच्या ला होया गावच्या आबेलनं तिला कापणीच्या नाचात पाहिलं आणि दोघांचं जमलं. सरळमार्गी पोरगा, सफरचंदांची बाग, आईबाप नाहीत, आजोबांनी वाढवलेला. रीतीप्रमाणे मागणी घालायला मंडळी आली. टोपलीत गोड पाव, चॉकलेट, सोतोल दारूची बाटली, वर भरतकामाचं फडकं. पुढे प्रोकोपिओ आजोबा. हे आजोबा म्हणजे एके काळी कासिमिरोबरोबर डोंगरात होते असं सांगायचे. त्या वयाचे सगळेच सांगतात. कासिमिरोबरोबर सहा जण होते, आणि आजवर मला भेटलेत एकशे चाळीस.

आजोबा बसले, घोटभर कॉफी प्याले, आणि मधल्या दारातून त्यांना दुकानातली खुर्ची दिसली.

"तुम्ही कुठले लिब्रादो?" त्यांनी कप खाली ठेवला.

"मी... इथलाच."

"पोवाड्यातले?"

तोमासाच पुढे झाली. "आजोबा, ते सगळं खोटं आहे हो. यांनी कधी झुरळ मारलं नाही. कासिमिरो स्वतःच बोंबलला होता गुत्त्यात!"

"बाई, पोवाडा खोटं बोलत नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी टोपली उचलली, फडकं नीट केलं. दारात जरा घुटमळले, कारण आबेल दगडासारखा उभा होता आणि हलत नव्हता. मग म्हणाले, "सान हासिंतोच्या जत्रेला मी येणारच आहे. तिथे शाहिरानं तुमचं नाव घेतलं नाही, तर तुम्ही विकला नाही. टोपली परत आणीन. नाव घेतलं, तर माझ्या आबेलला या घरचं पाणीही चालणार नाही."

बघा म्हणजे! माणूस निर्दोष आहे की नाही हे ठरवणार कोण, तर एका डोळ्यानं आंधळा, तीन तारा तुटलेल्या गिटारवर गाणारा एव्हारिस्तो शाहीर. पण तोमासानं त्यातही वाट काढली. सकाळ-संध्याकाळ एकच जप. "अहो, जा ना त्याच्याकडे! इतकी वर्षं त्याची फुकट दाढी करताय, एक नाव खोडायला काय मरण येतं त्याला? पोरीच्या तोंडाकडे तरी बघा!" पोरगी काही बोलत नव्हती. नुसती भांडी जोरात आपटत होती.

लिब्रादो गेला. एव्हारिस्तो अंगणात बसून पायाची नखं कापत होता.

"या मास्तर," तो म्हणाला. "आज काय, घरी येऊन दाढी?"

लिब्रादोनं टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. गुत्ता, टेबल, ते ओरडणं. शेवटी म्हणाला, "जे झालं तेच गा ना. त्यानं स्वतःच सांगितलं होतं, असं गा."

एव्हारिस्तो इतका हसला की कात्री खाली पडली. "अरे देवा! आपल्याच बडबडीनं मेलेला सिंह! मास्तर, शूर माणूस पोवाड्यात कशानं मरतो? गोळीनं नाही मरत, दगलबाजीनं मरतो. कुणी विकल्याशिवाय तो मरूच शकत नाही. मग लोक रडायचे कशाला?"

"पण मीच का?"

"खरं सांगू? मी परगावचा. कासिमिरो मेल्याच्या तिसऱ्या दिवशी आलो, गुत्त्यात बसलो, विचारलं, कुणी विकला? तेवीस जण होते. तेवीसच्या तेवीस जमिनीकडे बघत बसले. शेवटी एक जण म्हणाला, मेला तो न्हाव्याच्या दुकानात ना? की सगळ्यांच्या माना एकदम वर! अशी हलकी झालेली माणसं मी चर्चमध्येसुद्धा पाहिली नाहीत. मी काय करू? लिहिलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. माझा बाप त्या दिवशी जमिनीकडे बघत होता की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. खाई त्याला खवखवे.

लिब्रादो तसाच उभा. एव्हारिस्तोला दया आली असावी. निदान पोवाड्याची नवी पानं छापली तर लोक पुन्हा विकत घेतील, हे तरी डोक्यात आलं असावं. "बरं, काढतो तुझं नाव," तो म्हणाला. "काही देऊ नकोस मला. फक्त दुसरं नाव दे."

"दुसरं?"

"जागा रिकामी ठेवता येत नाही, बाबा. टॉवेल गेला तर दुसरं काहीतरी हललं पाहिजे. कुणाला घालू? तू सांग. तुला तर गुत्त्यातले सगळे माहीत आहेत."

लिब्रादो खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी काहीतरी विकायला सांगत होतं. गुत्तेवाला? त्याला चार मुलगे, चौघांकडे चाकू. पाद्री? नको, नरक. माझ्या बापाचं नाव त्याच्या मनात आलं की नाही, देव जाणे. एव्हारिस्तोची दहाही नखं कापून झाली.

"नाबोर," लिब्रादो म्हणाला. "तारवाला नाबोर."

"मेलेला?"

"सहा वर्षं झाली. लग्न नव्हतं. मूलबाळ नाही."

"तार!" एव्हारिस्तोनं मांडीवर थाप मारली. "अरे वा रे न्हाव्या! निरोप तारेनं गेला! हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण त्याची एक बहीण आहे ना? ती करंज्यावाली क्लेओफास?"

"म्हातारी आहे," लिब्रादो म्हणाला. "तिला ऐकायला कमी येतं."

हे वाक्य त्याचंच. मला तो माणूस आवडतो, पण ते वाक्य त्याचंच आहे.

सतरा ऑगस्टला जत्रा भरली. चौकात माणूस मावत नव्हता. लिब्रादोनं काळा कोट घातला होता, तोमासानं लग्नातली शाल काढली होती आणि ओफेलियाच्या केसांत लाल रिबीन होती. पलीकडे आजोबा आणि आबेल, टोपलीसकट. चर्चच्या पायरीशी क्लेओफास मावशी, पुढ्यात भोपळ्याच्या करंज्यांची परात. जत्रेला तिच्या करंज्या दुपारपर्यंत संपायच्या.

एव्हारिस्तो पेटीवर चढला. टोप्या खाली आल्या. त्यानं साल सांगितलं, तारीख सांगितली, तांबडा घोडा डोंगरावरून उतरवला. लिब्रादो ओठ हलवत होता. एकवीस वर्षं ऐकून त्याला तो पोवाडा एव्हारिस्तोपेक्षा चांगला पाठ होता. आणि मग ते कडवं आलं:

*रातोरात तारेवरून धावत गेली काळी खबर,*
*सिंह विकला कुणी, बोला! तारवाल्या, तूच नाबोर!*

कुणीतरी पुटपुटलं, "अरे, न्हावी होता ना?"

"न्हावी कसला!" दुसरा म्हणाला. "मी तर तेव्हापासून सांगतोय! तारेशिवाय अकरा शिपाई इतक्या लवकर येतील कसे?"

"आणि त्या नाबोरची बोटं बघितली होतीस का? लांबच लांब!"

कडवं संपायच्या आत गावाला ते आधीपासूनच माहीत होतं. तेवीसपैकी जे जिवंत होते, तेही माना डोलवत होते. आणि क्लेओफास मावशी, तुम्हाला काय सांगू, ती हसत होती. तिला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला होता. शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणाली, "आमच्या नाबोरचं नाव घेतलं ना गं? पोवाड्यात? आमच्या नाबोरचं?" तोंडात दोन दात, आणि चेहरा असा फुललेला.

शेजारणीनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं.

मावशीचं हसू लगेच गेलं नाही. म्हातारपणी चेहरा हळू चालतो. तोवर समोरच्या बाईनं हातातली खाल्लेली अर्धी करंजी परत परातीत टाकली आणि बोटं पदराला पुसली. मागे कुणीतरी थुंकलं. तिच्याभोवतीचे लोक दोन पावलं मागे सरले, आणि परातीपुढे ती एकटी उरली.

लिब्रादो हे बघत होता. त्याच वेळी आजोबा गर्दीतून वाट काढत आले, डोळ्यांत पाणी, आणि टोपली तोमासाच्या हातात दिली. "माफ करा व्याही," त्यांनी लिब्रादोच्या खांद्यावर हात ठेवला. एकवीस वर्षांत त्या खांद्यावर असा हात कुणी ठेवला नव्हता. ओफेलियानं आबेलकडे पाहिलं. इतकं सुख त्या घरानं कधी बघितलं नव्हतं, आणि ते मोजून जपमाळेचं एक 'नमो मरिया' म्हणण्याइतका वेळ टिकलं.

"खोटं!" लिब्रादो ओरडला.

गिटार थांबली.

"नाबोर नव्हता! खोटं गातोस तू!" तो पुढे झाला. "मी विकला. मी, लिब्रादो न्हावी. तीस पेसो घेतले, दारात उभा राहून टॉवेल हलवला. नाबोरचा काही संबंध नाही. नीट गा!"

"अहो!" तोमासा किंचाळली. "काय बोलताय? वेड लागलं का तुम्हाला? अहो, पोरगी उभी आहे!"

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. बघितलं असतं तर सगळं परत घेतलं असतं, असं त्यानं पुढे एकदा मला सांगितलं.

आजोबांनी टोपली तोमासाच्या हातातून काढून घेतली. ती सोडत नव्हती, म्हणून एक एक बोट उघडावं लागलं. आबेल काहीतरी म्हणत होता, पण आजोबांनी त्याला दंडाला धरून नेलं आणि तोही गेला. ओफेलियानं केसांतली रिबीन काढली, मुठीत धरली आणि घराकडे चालू लागली. बापाच्या जवळून गेली, पण त्याला ओलांडून गेल्यासारखी गेली.

आणि आमच्या गावानं काय केलं? टाळ्या वाजवल्या. "मी तर आधीपासून म्हणत होतो, न्हावीच!" तोच मघाचा माणूस सांगत होता. "पण काही म्हणा, कबूल करायलाही छाती लागते." एव्हारिस्तोनं जुनं कडवं पुन्हा गायलं, आणि या वेळी चौकातल्या झाडून सगळ्यांनी त्याच्याबरोबर म्हटलं. परातीभोवती गर्दी झाली. ज्या बाईनं करंजी टाकली होती तिनं सहा घेतल्या.

गर्दी पांगल्यावर क्लेओफास मावशी उठली आणि काठी टेकत लिब्रादोपाशी आली. तो कारंज्याच्या कठड्यावर बसला होता. त्याला वाटलं, आता ही हात जोडेल, भावाची अब्रू राखलीस म्हणेल. तेवढ्याची त्याला भूक होती, खोटं कशाला बोला.

"लिब्रादो," ती म्हणाली. ऐकायला कमी येणारी माणसं बोलतात तशी, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशी. "कासिमिरो मेला त्या संध्याकाळी नाबोर घरी आला, जेवला नाही. मला म्हणाला, 'क्लेओफास, तो मूर्ख स्वतःच्या तोंडानं सांगून मेला. न्हाव्यावर आळ आला तर ऐकून घेऊ नकोस.' एकवीस वर्षं मी ऐकून घेतलं नाही. ज्यानं ज्यानं तुझं नाव घेतलं, त्याला करंजी दिली नाही. अर्ध्या गावाशी भांडले मी. म्हातारी खुळी आहे म्हणाले. म्हणू देत. माझा नाबोर सांगून गेला होता."

लिब्रादो उठून उभा राहिला. कासिमिरोच्या बाजूनं गाव होतं, शिपायांच्या बाजूनं सरकार होतं, आणि त्याच्या बाजूनं एकवीस वर्षं ही एक म्हातारी होती, हे त्याला आज कळत होतं.

"आज तूच म्हणतोस, मी विकला," मावशी म्हणाली. "मग माझा नाबोर माझ्याशी खोटं बोलला?"

खरं सांगायचं, तर शाहिराला नाबोरचं नाव कुणी दिलं तेही सांगावं लागलं असतं. माणसं कान टवकारून उभी होती. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती, ओठ वाचायला.

"हो मावशी," तो म्हणाला. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला. "खोटं बोलला तो."

मावशीनं मान हलवली, रिकामी परात काखेत मारली आणि काठी टेकत घरी गेली.